गोड्या झिऱ्याची जागा

दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून मला आधी आनंद होत नाही. होतो, पण मध्ये थोडा वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात मनात काय काय येऊन जातं ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. शेजारणीच्या सुनेची पुरणपोळी चांगली झाली की मी आधी तिच्या कडा तपासते. नातीच्या मैत्रिणीला जास्त मार्क पडले तर नात खुशाल जेवते आणि घास माझ्या घशात अडकतो. आता या वयात हे लपवण्यात अर्थ नाही. घरचे म्हणतात, आजीचा स्वभावच तसा. असेलही. पण तो तसा आहे हे मला पहिल्यांदा कधी कळलं ते पक्कं आठवतं. शिमगा होऊन दोनच दिवस झाले होते, गंगेकाठचा आमचा आखाडा विकला गेला होता, आणि गया नावाची एकोणीस वर्षांची बाई आमच्या चुलीपुढं, माझ्या पाटावर बसून, माझ्या मायच्या हातची भाकरी खात होती.

आखाडा म्हटलं की आताच्या मुलांना कुस्ती आठवते. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. आणि गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. अंबडपासून खाली दक्षिणेला बैलगाडीनं जवळजवळ दिवस मोडायचा, तेव्हा गंगा दिसायची. गाव दीड कोस मागं राहायचं. पुढं गंगा, मागून वळसा घालून येणारा ओढा, आणि दोन्हींच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर आमचं घर. मातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं उंबराचं झाड. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चार-चार, आठ-आठ दिवस माणूस दिसायचं नाही. रस्ता नव्हता, लाईट नव्हती, घड्याळसुद्धा भाऊनं आणलं तेव्हा आलं आणि किल्ली द्यायची विसरल्यामुळं लगेच बंद पडलं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, गंगा काय वाजतं ते सांगते. ते खरंच होतं. पहाटे तिचा आवाज जवळ यायचा, दुपारी दूर जायचा. पूर येणार असला तर आदल्या दिवशी ती मुकी व्हायची, आणि मग माय काही न बोलता खालची पोती माळ्यावर चढवायला लागायची.

खायला आम्हाला कधी कमी पडलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण एवढ्या लांब राहणारी माणसं म्हणजे उपाशीच, असं गावात समजायचे. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी, आबांनी गळाला लावलेला एखादा मरळ. डाळ मायची खासियत. तिच्यात ती काही विशेष घालायची असं नाही, लसूण, मिरची, हळद, संपलं. पण ती अशी शिजायची की डाव फिरवला की दाणा उरायचा नाही. गावातल्या बायका विचारायच्या, तेव्हा माय म्हणायची, "हात माझा न्हाई, पाणी गंगेचं हाय." आणि उन्हाळ्यात वाळूतली टरबुजं. माघात गंगा आटून एका कडेला जायची, उरलेल्या वाळूत खड्डे उकरून, शेणखत घालून आम्ही बी टोचायचो. वेल वाळूवर पसरायचे, आणि वैशाखात इतकी टरबुजं निघायची की बैलसुद्धा साली खाऊन कंटाळायचे.

आखाडा विकायचं ठरलं ते आबांच्या पायामुळं. भर श्रावणात बाभळीचा काटा तळपायात मोडला, दोन दिवसांत पाय सुजला, आणि त्याच वेळी ओढ्याला असं पाणी आलं की बैल उतरेना. तापात आबा बडबडायला लागले. शेवटी चौथ्या दिवशी गावातल्या चार पोहणाऱ्या गड्यांनी आमची गूळ करायची काहील पाण्यात सोडली, आबांना तिच्यात बसवलं आणि ढकलत ढकलत ओढ्यापार नेलं. आमच्या भागात नदी ओलांडायला काहील हीच नाव. मी या काठावर उभी होते. काहील गरगर फिरली तसं आबांचं डोकंही फिरताना दिसत होतं, एकदा आमच्याकडं, एकदा तिकडं. पाय वाचला, पण दोन बोटं गेली. वाळूत चालणं संपलं.

भाऊ जालन्याला शाळेत मास्तर होता. दिवाळीत आला आणि जेवताना त्यानं विषय काढला.

"आबा, पुढल्या पावसाळ्यात पुन्हा असं झालं तर? मी तिकडं शाळंत. इथं तुमच्याजवळ कोण हाय? ह्या दोघी?"

"मंग काय करावं म्हणतो?"

"विकून टाका. जुन्या जालन्यात दोन खोल्या पाहून ठेवल्यात मी. नळ हाय, लाईट हाय, दवाखाना गल्लीच्या तोंडाला हाय. कमलचं नाव शाळंत घालता येईल. सातवी झालेली पोरगी इथं किती दिवस वाळू उकरणार?"

आबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "गिऱ्हाईक पाह्य." आणि मायला कुणी विचारलंच नाही. ती म्हणाली, "भाकरी गार होऊन राह्यली. खाऊन घ्या आधी." आखाडा विकण्यावर ती एवढंच बोलली.

गिऱ्हाईक मिळालं. वरच्या अंगाच्या, गंगेपासून लांबच्या गावातला नारायण नावाचा माणूस, भावांतून वेगळा निघालेला. अंबडला कागद झाले. ताबा पाडव्याला द्यायचा ठरला, आमच्याकडं शेतीचा सगळा व्यवहार पाडव्याला बदलतो तसा. नारायण जाताना आबांना म्हणाला, "काका, मह्या बायकोला पंधरा दिवस इथं ठिवतो. गंगाकाठची रीत आमाला ठाऊक न्हाई. काकूच्या हाताखाली शिकून घेईल." आबा हो म्हणाले. शिमग्यानंतर दोन दिवसांनी एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं घेऊन गया उतरली.

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं! मी तिच्यात खोट शोधायला सुरुवात केली ती पहिल्या घासापासून. ती उंच होती, हसताना तोंडावर पदर घ्यायची, आणि सांगितलेलं काम दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. मैनी आमची कुत्री, परक्या माणसाला उंबराच्या अलीकडं येऊ न देणारी. ती गयाचा हात हुंगून तिच्या पायाशी लोळली. मी त्या रात्री मैनीला भाकरी घातली नाही. कुत्रीवरही रुसता येतं.

पण खरी आग लागली ती मायमुळं. माय बोलणारी बाई नव्हती. मला तिनं जे काही शिकवलं ते बघून बघून शिकायचं होतं, चुकलं की पाठीत धपाटा. आणि आता तीच माय गयाला शेजारी बसवून एकेक गोष्ट समजावून सांगत होती.

"पोरी, वरची वाळू तापली तरी भ्यायचं न्हाई. खाली हात घाल. ओल लागंपर्यंत उकर, मंगच बी टोच."

"पावसाळ्यात गंगा मुकी वाटून राह्यली का? मंग पोती वर घ्यायची. जल्दी करायची, वाट पाह्यची न्हाई."

"उंबराची फळं पडायला लागली की मासा काठाला येतो. तवा गळ टाकायचा."

उंबर आणि माशाची गोष्ट मला ठाऊकच नव्हती! सोळा वर्षं मी त्या उंबराखाली वाढले. संध्याकाळी भांडी घासताना मी मायला विचारलं, "मला कामून न्हाई सांगितलं कधी?"

"तुला कशाला? तू चालली जालन्याला."

"तवा कुठं ठरलं व्हतं जालन्याचं?"

तिनं राखेचा हात थांबवला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा घासायला लागली. "पोरगी परक्याच्या घरी जायचीच असती. तिला घर शिकवून काय करायचं? घर तर जिला राह्यचंय तिला शिकवावं." तिच्या दृष्टीनं ते सरळ होतं. मला मात्र ते लागलं, कारण याचा अर्थ असा होत होता की माझ्या जन्माच्या घरात मी पाहुणी होते आणि पेटी घेऊन आलेली ही घरची.

त्या दिवसांत मी एक पोरकटपणा केला. वाळूतली टरबुजं तेव्हा मुठीएवढी झाली होती. लावलेली आम्ही, पाणी घातलेलं मी, आणि पिकणार आम्ही गेल्यावर. बाभळीचा काटा घेऊन मी दुपारच्या उन्हात वाळूत बसले आणि वीसेक टरबुजांवर माझं नाव कोरलं. क, म, ल. काना नाही, मात्रा नाही, कोरायला सोपं. कोवळ्या सालीवर कोरलेलं फळाबरोबर वाढतं, हे मला ठाऊक होतं. खाताना तिला प्रत्येक वेळी माझं नाव कापावं लागेल, एवढाच विचार. तळपाय भाजून निघाले तरी मी उठले नाही.

आता झिऱ्याचं सांगायला हवं. उन्हाळ्यात गंगेची धार बारीक होते, तिच्यात शेवाळ येतं, गुरं बसतात. ते पाणी प्यायचं नसतं. म्हणून वाळूत कंबरभर खड्डा उकरायचा, त्याच्या तळाला पाणी पाझरतं, गढूळ जाऊ द्यायचं, मग वाटीनं घागर भरायची. तो झिरा. पण वाळू सगळीकडं सारखी दिसली तरी खालचं पाणी सारखं नसतं. बहुतेक ठिकाणी मचूळ. गोड पाणी एकाच जागी, आणि ती जागा मी शोधली होती. आठ वर्षांची असताना, खेळताना. ओंजळ भरून मायकडं धावत नेली, पोचेपर्यंत दोन घोट उरले होते, ते तिनं प्यायले आणि मला उचलून घेतलं. मायनं मला उचलून घेतलेलं तेवढंच एकदा आठवतं. पुरानं दर वर्षी वाळू उलटीपालटी व्हायची, पण खूण बदलायची नाही. उंबराला पाठ लावून उभं राहायचं, पलीकडच्या काठावरच्या देवळाचा कळस नाकासमोर धरायचा, आणि त्या ओळीत सत्तर पावलं. दर शिमग्यानंतर झिरा मी फोडायचा, पहिली घागर घराच्या उंबऱ्यावर मी ओतायची, आणि मगच घरात ते पाणी प्यायचं, अशी आमच्या घरची रीत पडली होती. आबा तर त्याला कमलचा झिराच म्हणायचे.

पाडव्याला नऊ दिवस राहिले होते. सकाळी मायनं गयाच्या हातात खोरं आणि कोरी घागर दिली आणि मला म्हणाली, "हिला जागा दाखव. यंदा झिरा गयाच्या हातानं फोडायचा. वस्ती तिची, पाणी तिचं."

मी म्हटलं, "अजून पाडवा झाला न्हाई."

"दाखव म्हणलं ना."

आम्ही निघालो. गया माझ्या मागं, मैनी गयाच्या मागं. उंबराजवळ मी थांबले नाही. तशीच पुढं जाऊन कडेच्या बाभळीला पाठ लावून उभी राहिले आणि शांत आवाजात सांगितलं, "हितून पाह्य. कळस नाकासमोर धर. त्या वळीत सत्तर पावलं." माझा आवाज जराही कापला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. गयानं दोनदा विचारलं, "बाभळीपासून ना?" मी म्हटलं, "बिलकुल बाभळीपासून." तिनं बाभळीच्या खोडावर हात फिरवला, जागा ध्यानात ठेवायला माणूस फिरवतो तसा, आणि पावलं मोजत गेली. मैनी मात्र आमच्याबरोबर आली नाही. ती उंबराच्या ओळीतल्या आपल्या जागी गेली आणि तिथं बसून आमच्याकडं बघत राहिली. मी तिकडं बघायचं टाळलं.

गयानं झिरा उकरला. पाणी लागलं. लागणारच, पाणी सगळीकडं होतं. ते निवळेपर्यंत ती काठावर हात जोडून बसली. घागर भरली, डोक्यावर घेऊन आली, उंबऱ्यावर ओतली. दुसरी खेप आणून तांब्या भरून तिनं मायपुढं धरला. अंगणातून गंगेचं पात्र सगळं दिसायचं. वाळूचा ताजा ढीग कुठं पडलाय ते मायनं तांब्या हातात घेण्याआधीच पाहिलं होतं. तिनं एक घोट घेतला. तोंडात धरला. मग माझ्याकडं पाहिलं. मी धपाट्याची वाट बघत उभी होते.

मायनं तो घोट गिळला आणि म्हणाली, "बराबर हाय."

"गोड हाय ना मावशी?" गयानं विचारलं. "आमच्या गावच्या आडापेक्षा तर लई गोड हाय."

"हां," माय म्हणाली. "हेच पाणी."

त्यानंतर ती चुलीकडं वळली आणि नको इतका वेळ फुंकणीनं जाळ फुंकत बसली. मला काही समजेना. चार-पाच दिवस जिनं गयाला गंगेचा तळ उलगडून दाखवला, माशापासून पुरापर्यंत काही मागं ठेवलं नाही, तिनं हे एक मागं ठेवलं. माझ्यासाठी ठेवलं की स्वतःसाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण त्या सकाळपासून आम्ही दोघी एका बाजूच्या झालो. सोळा वर्षांत मायची आणि माझी अशी गट्टी कधी जमली नव्हती, आणि जमली ती लबाडीवर.

लबाडीची किंमतही लगेच भरावी लागली. गयाला एक झिरा दाखवून आपण दुसऱ्याचं पाणी पिणार कसं? नऊ दिवस आम्हीही तेच मचूळ पाणी प्यालो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मायला माहीत होतं, म्हणून तिनं नऊ दिवस डाळ टाकलीच नाही. पिठलं, ठेचा, पुन्हा पिठलं. आबा कुरकुरायला लागले.

"यंदा पाण्याला चव न्हाई वं."

"तुमच्या तोंडाला न्हाई," माय म्हणाली. "औषधं खाऊन कडू झालंय."

मी खाली मान घालून भाकरी मोडत होते आणि मला हसू येत होतं. खोटं बोलताना तिला इतकं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं.

पाडव्याला सकाळी गुढी मायनं उभारली आणि संध्याकाळी उतरवायला थांबली नाही. गाडीत सामान चढलं. काहील तिथंच राहिली, ती सौद्यात होती. आबा उंबराला टेकून उभे राहिले, नारायणाला म्हणाले, "ओढ्याचं पाणी कमरेला आलं की काहील काढ, त्याच्याआधी न्हाई." गयानं मायच्या पाया पडून तिची ओटी भरली. मायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. त्या हातात प्रेम होतं, मी पाहिलं, आणि म्हणूनच सांगते की हेवा आणि माया एकाच हातात मावतात. मैनीला मी गाडीत उचलून घेतलं. ओढा ओलांडला आणि तिनं उडी मारली. हाक मारली, भाकरी दाखवली, शिव्या दिल्या. ती ओढ्यापलीकडं शेपूट हलवत उभी राहिली. "राहू दे," माय म्हणाली. "तिला जागा पायजे, माणसं न्हाई." वळून मात्र मायनं एकदाही पाहिलं नाही.

जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन खोल्या कापडदुकानांच्या मागच्या गल्लीत होत्या. सकाळी कापडाच्या गाठी उतरवणाऱ्या हमालांचा आवाज, दिवसभर सायकलींच्या घंट्या, दारात रांगेनं मांडलेल्या बादल्या. लाईट होती. संध्याकाळी भाऊ बटण दाबायचा आणि आमच्याकडं अशा तोऱ्यानं पाहायचा की जणू सूर्य त्यानंच आणलाय. माय दिव्याखाली पाहुणीसारखी भिंतीला टेकून बसायची. चुलीऐवजी स्टो आला. आणि पहिल्याच दिवशी तिनं तुरीची डाळ टाकली, मोठ्या हौसेनं, नऊ दिवसांचा उपास सोडायला. डाळ शिजली नाही. तास झाला, दीड झाला, रॉकेल संपत आलं, डाळ पाण्यात गारगोट्यांसारखी फिरतच राहिली. शेजारीण म्हणाली, "इथल्या पाण्यात असंच हाय काकू. चिमूटभर सोडा टाका." मायनं सोडा टाकला. डाळ फुटली, पण तिला धुण्याचा वास लागला. आबा म्हणाले, "ही डाळ हाय व्हय?"

मला शाळेत घातलं. मी वर्गात सगळ्यांत मोठी, आणि सगळ्यांत मागं. नळाखाली हात धरून मी गंगेकाठचा विचार करायचे, पण गंगेचा नाही, गयाचा. आता ती झोपली असेल माझ्या जागी. आता ती उंबराखाली बसली असेल. आठवण येते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. माझे तर दात आवळले जायचे.

चैत्र सरता सरता आमच्या गावचा एक माणूस बाजाराला आला तेव्हा घरी डोकावला. चहा घेताना त्यानं खबर दिली, "नारायण बरा हाय. पण त्याची बायको रडकुंडीला आली. तुमच्या आखाड्यावर म्हणे डाळच शिजत न्हाई. गावातल्या बाया हसून राह्यल्या, म्हणतेत, कमलच्या मायच्या हाताची करामत व्हती, पाण्याची न्हाई."

मायनं त्याच्या चहात आणखी साखर घातली. न मागता. मग आत जाऊन त्याच्यासाठी लाडू आणला, भाऊसाठी राखून ठेवलेला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "तिचीबी शिजत न्हाई." एवढंच, पण तिचे डोळे चमकत होते, आणि माझेही चमकत असणार. मग तिचा चेहरा उतरला आणि ती देवापुढं जाऊन बसली. त्या दिवशी तिनं डाळ खाल्ली नाही. मी खाल्ली. मला लाज वाटायला अजून बरीच वर्षं जायची होती.

वैशाखाच्या शेवटी दुपारी दार वाजलं. मी उघडलं तर गया. घामानं डबडबलेली, डोक्याचा पदर ओला, कमरेवर घागर, तोंडाला फडकं बांधलेलं. मागं नारायण, खांद्यावर पोतं. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरला दाखवायला ते जालन्याला आले होते. अंबडपर्यंत गाडीनं आणि तिथून एसटीत, ती घागर मांडीवर धरून आली होती. घागर खाली ठेवल्यावर तिनं फडकं सोडलं. "पाव घागर रस्त्यात हिंदकळली," ती म्हणाली, "पर बाकी आणली. मावशी, तुमच्यासाठी."

माय घागरीकडं बघतच राहिली.

"त्यो आपला झिरा काही खरा न्हाई निघाला," गया सांगायला लागली, पदरानं तोंड पुसत, जणू चूक तिची किंवा झिऱ्याची. "डाळ शिजना, पोट फुगायला लागलं. मी म्हणलं, मावशीनं सांगितलेली जागा, ती कशी चुकंल? मंग एक दिवस पाह्यलं, तुमची मैनी रोज दुपारी एकाच जाग्याला वाळू उकरून पोट टेकती. गंगेचं येवढं पात्र पडलं, ही त्याच जाग्यावर कामून जाती? मी तिला हाकललं आन् तिथंच उकरलं. बाई गं! असं पाणी मी जन्मात न्हाई पेले."

ती माझ्याकडं बघून हसली. तिला कळलं होतं की नाही? उंबराची ओळ आणि बाभळीची ओळ यांतलं अंतर तिला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. पण तिनं विचारलं नाही. आणि तिनं विचारलं नाही याचा मला राग आला, हेही लिहून टाकते. फितूर झाली मैनी, आणि मोठं मन झालं गयाचं. माझ्या वाट्याला काय?

मायनं स्टो पेटवला. गयाच्या घागरीतलं पाणी पातेल्यात ओतलं, डाळ धुतली तीही त्याच पाण्यात, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसून राहिलो, बारशाला जमल्यासारखे. डाळ फुलली. डाव फिरवला आणि दाणा उरला नाही. आबांनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"हां! हे पाणी," ते म्हणाले. "मंग पाडव्याच्या आधी ते काय पिऊन राह्यलो व्हतो आपण?"

माय त्यांच्या ताटात आणखी डाळ वाढत होती.

गया आणि नारायण उन्हं कलल्यावर गेले. घागर मायनं ठेवून घेतली नाही, आत शेंगा भरून परत दिली. त्यांची पाठ वळल्यावर ती दारातच उभी राहिली, गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांना बघत. मी मागं उभी होते. "सापडलं तिला," माय म्हणाली. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "आता विकला गेला आपला आखाडा. आतापर्यंत न्हवता गेला." मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडली, पाडव्याला रडली नव्हती ते सगळं. मी तिच्या शेजारी बसले. दुसरं काय करणार होते!

आता माझ्या स्वयंपाकघरात पाणी गोड करायचं यंत्र भिंतीला लावलंय. सुनेची डाळ छान शिजते, आणि ती छान शिजली की मला आधी थोडं वाईट वाटतं. मायला जाऊन कितीतरी वर्षं झाली. गया आहे म्हणतात, तिच्या नातवंडांसह, तिथंच. मी परत कधी गेले नाही.

त्या दिवशी नारायण पोतं तसंच कोपऱ्यात ठेवून गेला होता. संध्याकाळी भाऊ आल्यावर ते उघडलं. आत दोन टरबुजं होती. एकावर मुठीएवढ्या सालीवर कोरलेलं माझं नाव, आता वीतभर रुंद झालेलं, भेगाळलेलं, करडं. गयानं जाताना सांगितलं होतं ते तेव्हा मला समजलं नव्हतं: "कमल, तुझ्या नावाचं तू खा, बाकीच्यांनी खाल्लं तर मला बरं वाटणार न्हाई." भाऊनं विळी पुढं ओढली. मी त्याच्या हातातून टरबूज घेतलं, म च्या मधून सरळ कापलं, आणि लाल फोड तोंडात घातली. गोड होतं. आम्ही लावलेल्या कुठल्याही वर्षाच्या टरबुजापेक्षा गोड होतं, आणि ही गोष्ट मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.